बंब, गॅस गीझर आणि एक्झॉस्ट फॅन : आपल्या न्हाणीतल्या हवेची गोष्ट

घराचं बांधकाम काढलेले पेशंट तपासणी झाल्यावर उठता उठता हमखास विचारतात, "डॉक्टर, बाथरूमला एक्झॉस्ट फॅन सहा इंची घेऊ की आठ इंची?" दम्याच्या पेशंटला मीच कधीतरी बाथरूममधली ओल कमी करायला सांगितलेलं असतं, त्यामुळे प्रश्न माझ्याकडे येतो हे ठीकच आहे. माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो : फॅन हवा बाहेर टाकेल, पण आत कुठून येणार? यावर बहुतेक जण गोंधळतात. दार बंद, खिडकीला काच, दाराखाली पाणी बाहेर येऊ नये म्हणून उंबरा. हवा बाहेर ढकलायचं यंत्र बसवताना हवा आत यायची वाट आपण विसरतो. हे विसरणं आजचं नाही, त्याला शे-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात माणसं गेलेली आहेत. म्हणून आज औषधांऐवजी थोडा इतिहास.

आमच्या शेवगाव-पाथर्डी भागात जुनी घरं माळवदाची. जाड मातीच्या भिंती, खिडक्या जवळपास नाहीत, चुलीच्या वर छतात एक झरोका. आजच्या दृष्टीनं ही घरं कोंदटच. पण न्हाणी मात्र घरात नव्हती, ती परसात. चार फरश्या, बाजूला पऱ्हाट्यांचा नाहीतर गोणपाटाचा आडोसा, पाणी वाहत जाऊन अळूच्या नाहीतर केळीच्या बुडाशी. पाणी तापायचं पाणचुलीवर किंवा तांब्याच्या बंबात. बंबाची रचना बघा : मधोमध उभं नळकांडं, खाली जाळ, भोवती पाणी. गोवऱ्या, तुराट्या, लाकडाच्या ढलप्या, जे मिळेल ते त्यात जळायचं. डोळे चुरचुरत, खोकला येई. पण जाळ आणि न्हाणारा माणूस एका बंद खोलीत कधी नसत. धूर आभाळात जायचा.

हमामातही तेच तत्त्व. बऱ्हाणपूरला जहांगीरच्या काळातला, अब्दुर्रहीम खानखानाचा शाही हमाम आजही उभा आहे. हमाम म्हणजे बंदिस्त, वाफेची, गरम जागा, तरी या पद्धतीच्या स्नानगृहांत भट्टी स्नानाच्या दालनाबाहेर असते. ती पेटवणारा नोकर वेगळ्या बाजूनं येतो. श्रीमंताचा हमाम असो की गरिबाची परसातली न्हाणी, आग बाहेर आणि माणूस आत.

जुनं ते सगळं सोनं, असं मात्र मी म्हणणार नाही. परसातल्या न्हाणीत बाईमाणसाला पहाटे अंधारात, अंगावर लुगडं ठेवूनच आंघोळ उरकावी लागे. कडी लागणारं दार ही तिच्यासाठी केवढी मोठी गोष्ट होती, हे पुरुषांनी लिहिलेल्या वाड्यांच्या आठवणींत क्वचितच येतं. आणि आग-माणूस वेगळे ठेवण्याचा नियम आपण एका ठिकाणी सर्रास मोडत होतो : बाळंतिणीच्या खोलीत. वारा लागू नये म्हणून दारंखिडक्या बंद, फटींत चिंध्या कोंबलेल्या आणि आत खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी. कोळशाच्या निखाऱ्यातून निघणारा वायू आणि गॅस गीझरमधला घातक वायू एकच. आजही कुठे बंद खोलीत शेक-शेगडी चालू असेल तर कृपा करून दार उघडं ठेवा.

हवा हा सरकारी विषय झाला तो प्लेगमुळे. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा प्लेगचं निदान केलं. त्या काळच्या वैद्यकावर दूषित हवेच्या कल्पनेचा पगडा होता. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत रोग साठतो, तेव्हा त्या उघडा. चाळींच्या भिंतींवर 'यू.एच.एच.', म्हणजे मनुष्यवस्तीस अयोग्य, अशी अक्षरं रंगवली गेली. ऊन आत यावं म्हणून छपरांची कौलं काढली गेली. १८९८मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढण्याचं काम त्यानं हाती घेतलं.

गंमत अशी की त्याच १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं कराचीत प्रयोग करून दाखवलं की प्लेग उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतो. ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. म्हणजे प्लेगसाठी म्हणून भिंती फोडल्या, पण प्लेगचा हवेशी तेवढा संबंध नव्हता. तरीही उजेड आणि हवेचा आग्रह वाया गेला नाही, कारण त्याच चाळींत क्षयरोग होता आणि क्षयाला कोंदट खोली फार मानवते. चुकीच्या कारणासाठी दिलेलं औषध बरोबर आजाराला लागू पडलं, असं वैद्यकात होतं अधूनमधून.

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ साली मुंबईतल्या घरांतल्या उजेड-हवेवर एक व्याख्यान दिलं. ट्रस्टचा गाजलेला नियम साडेत्रेसष्ट अंशांचा. ऐकायला विचित्र वाटतो, पण साधा आहे : खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या तळापासून साडेत्रेसष्ट अंशांत वर रेषा काढली तर समोरची इमारत तिच्या आड येता कामा नये. गणित केलं तर याचा अर्थ, समोरची इमारत चाळीस फूट उंच असेल तर मध्ये निदान वीस फूट मोकळी जागा. आज गावोगावी दोन घरांमध्ये हात घालायला जागा नसते, ते पाहिलं की हा शंभर वर्षांपूर्वीचा नियम परदेशी वाटतो.

पण या सगळ्या विचारात केंद्रस्थानी होती राहायची खोली. न्हाणीचा विचार तिच्या मागून, तोही पाणी निघून जाण्यापुरता. १९२०च्या दशकातल्या बीडीडी चाळी घ्या : एकशेसाठ चौरस फुटांची खोली, तिच्याच कोपऱ्यात मोरी, संडास मजल्यावर सामायिक. मोरीत आंघोळ करताना निदान हवा तरी खोलीभर असायची. मग दादर-माटुंग्याकडे 'ब्लॉक' आले. संडास-न्हाणी स्वतःच्या घरात, दाराआड, ही त्या काळी नवलाई होती. सोवळं पाळणाऱ्या घरांना संडास स्वयंपाकघराजवळ नको, बिल्डरला रस्त्याकडेची बाजू दिवाणखान्यासाठी हवी. साहजिकच पुढे फ्लॅटच्या नकाशांत बाथरूम कडेला सरकलं आणि त्याची खिडकी अरुंद डक्टमध्ये उघडू लागली. डक्ट म्हणजे इमारतीच्या पोटातली विहीर. वरून उजेडाचा एक चौकोन आणि खाली कबुतरांची घाण.

खोली बंद झाली. आता तिच्यात आग आणायचं काम गीझरनं केलं.

गीझर हा शब्द आइसलँडमधल्या उष्ण पाण्याच्या फवाऱ्यांवरून आला. १८६८मध्ये लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉन या रंगकाम करणाऱ्या कारागिरानं गॅसवर चालणारं पाणी तापवायचं यंत्र काढलं आणि त्याला हे नाव दिलं. त्याला धूर बाहेर नेणारी नळीच नव्हती. घरात जळणाऱ्या गॅसचा धूर दिसत नाही, तेव्हा तो नसतोच असा समज असावा. खरं तर कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटून प्राणवायूची जागा अडवतो, हे क्लॉद बर्नार यांनी १८५०च्या दशकातच दाखवलं होतं. पुढे १८९५ साली स्कॉटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी हा वायू मोजून-मापून स्वतःच हुंगला आणि आपल्याला काय होतं ते लिहून ठेवलं. खाणीत पिंजऱ्यातले पक्षी न्यायची सूचना त्यांचीच. म्हणजे यंत्र आणि त्याच्या धोक्याचं ज्ञान एकाच काळात उपलब्ध होतं. ते एकमेकांना भेटले नाहीत, इतकंच.

आपल्याकडे मुंबईत १८६५मध्ये रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले, पण घरोघरी गॅस आला तो सिलिंडरमधून. १९५५ साली बर्मा-शेल कंपनीनं मुंबईत 'बर्शेन' नावानं एलपीजी आणला. तालुक्याच्या गावांपर्यंत तो यायला आणखी काही दशकं लागली. आणि गॅस गीझर आमच्याकडे रुजला तो माझ्या मते भारनियमनामुळे. २००५ नंतरच्या त्या वर्षांत ग्रामीण भागात दहा-दहा, बारा-बारा तास वीज नसायची. सकाळी मुलांच्या शाळेच्या वेळेलाच दिवे जायचे. विजेचा गीझर निरुपयोगी. गॅस गीझरला लागतात फक्त दोन सेल, ठिणगीपुरते. नळ सोडला की गरम पाणी. लोकांनी तो घेतला यात काहीच नवल नाही. प्लंबरनं तो शॉवरच्या शेजारी, बाथरूमच्या आतच बसवला, आणि सिलिंडरही आत किंवा दाराशी.

आता जरा हिशोब करू. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला साधारण बारा घनमीटर हवा लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गीझर तासाला एक किलोच्या आसपास गॅस खातो. पंधरा मिनिटांच्या आंघोळीत झाली तीन घनमीटर हवा. आणि चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंचीच्या बाथरूममध्ये एकूण हवाच मुळी साडेपाच घनमीटरच्या आत. म्हणजे एका आंघोळीत अर्ध्याहून जास्त हवा गीझरनं वापरली. प्राणवायू कमी पडायला लागला की ज्वाला निळीची पिवळी होते, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. दुसऱ्या नंबरला आंघोळीला जाणाऱ्याला पहिल्याची उरलेली हवा मिळते.

हा वायू हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीनं चिकटतो. त्याला रंग नाही, वास नाही. एलपीजीला वास मुद्दाम घातलेला असतो, त्यामुळे "वास तर काहीच येत नव्हता" असं घरचे सांगतात आणि त्यांना ते खरंच कोडं वाटतं. गॅस गळालेलाच नसतो, तो जळलेला असतो. सुरुवातीला डोकं जड होतं, मळमळतं, पाय लुळे पडतात. कडी काढायला हात उचलायचा तर उचलत नाही. काहींना झटके येतात आणि 'बाथरूममध्ये फिट आली' म्हणून फिटच्या गोळ्या सुरू होतात. आपल्या देशातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी याला 'गॅस गीझर सिंड्रोम' असं नावच दिलं आहे. वाचलेल्यांपैकी काहींना नंतर विसराळूपणा, हातापायांचा ताठरपणा राहतो. दर हिवाळ्यात पुणे, नाशिक, मुंबईकडून अशा बातम्या येतात, आणि त्यात नवविवाहित जोडपी आणि शाळेत जाणारी मुलं असतात.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. करोनानंतर घरोघरी पल्स ऑक्सिमीटर आले. या विषबाधेत तो फसवतो. बोटावर ९८ दाखवतो, कारण साध्या ऑक्सिमीटरला प्राणवायू लागलेलं आणि कार्बन मोनॉक्साइड लागलेलं हिमोग्लोबिन यातला फरक कळत नाही. बाथरूममध्ये कोणी पडलेलं सापडलं तर दार सताड उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, श्वास चालत नसेल तर छाती दाबणं सुरू करा, १०८ला फोन करा आणि दवाखान्यात 'गॅस गीझर चालू होता' हे पहिल्या वाक्यात सांगा. साध्या हवेत हा वायू रक्तातून अर्धा व्हायला चार ते सहा तास लागतात, मास्कनं शुद्ध प्राणवायू दिला तर तास-दीड तास. त्या एका वाक्यानं उपचार बदलतो.

मग एक्झॉस्ट फॅन यात कुठे बसतो? खिडकीच्या काचेत बसवायचा विजेचा छोटा फॅन १९३६मध्ये इंग्लंडमध्ये व्हेंट-ॲक्सिया या नावानं निघाला. कोंदट खोली उघडता येत नसेल तर निदान हवा ओढून काढू, ही त्यामागची कल्पना. आपल्याकडे फ्लॅटच्या डक्टनं आणि आता गावातल्या भिंतीला भिंत लागलेल्या घरांनी तो गरजेचा केला. वाफ, ओल आणि बुरशी यांच्यासाठी तो उत्तम आहे. दम्याच्या, ॲलर्जीच्या सर्दीच्या पेशंटला मी आवर्जून बसवायला सांगतो.

गॅस गीझरवरचा उतारा म्हणून मात्र तो बसवू नका. एक तर वीज गेली की फॅन थांबतो आणि सेलवरचा गीझर चालूच राहतो. ज्या भारनियमनानं गॅस गीझर घरात आणला, तेच फॅन बंद पाडतं. दुसरं, बाथरूम घट्ट बंद असेल तर फॅन आत हवा आणू शकत नाही. तो नुसती ओढ निर्माण करतो. गीझरला धुराची नळी असेल तर त्या ओढीनं धूर बाहेर जायच्याऐवजी नळीतून उलटा आत येऊ शकतो. तेव्हा गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत, आत फक्त गरम पाण्याचा पाइप. बंबाची जागा होती तिथेच. यात तडजोड नाही.

आता फॅनच्या निवडीबद्दल. आपली राष्ट्रीय इमारत संहिता १९७० साली पहिल्यांदा निघाली. तिच्या आताच्या आवृत्तीप्रमाणे न्हाणीघराला निदान ०.३ चौरस मीटरची खिडकी किंवा झरोका हवा, म्हणजे अंदाजे दोन फूट बाय दीड फुटाहून थोडा जास्त. सहा इंची फॅनचं भोक त्याच्या सतराव्या हिश्शाएवढं असतं. लोक काय करतात, तर होता तो झरोका काचेनं बुजवून त्यात फॅनपुरतं गोल भोक ठेवतात. फॅन बंद असला की काहीच उरत नाही. शक्य असेल तर झरोक्याच्या निम्म्या भागात झडपा राहू द्या आणि फॅनला स्वतंत्र भोक पाडा.

चार बाय सहाच्या बाथरूमला सहा इंची फॅन पुरतो. तासाला दहा वेळा हवा बदलायची म्हटली तरी पंचावन्न घनमीटरच लागते, आणि बाजारातले सहा इंची फॅन याच्या कितीतरी पट हवा ओढतात. आठ इंचीनं आवाज वाढतो, फायदा फारसा नाही. फॅन दाराच्या समोरच्या भिंतीत, छताजवळ बसवा, म्हणजे दाराखालून आलेली हवा पूर्ण खोलीतून फिरून जाईल. दारावरच बसवला तर आलेली हवा तिथल्या तिथे परत जाते. बाहेरच्या तोंडाला आपोआप मिटणाऱ्या झडपा आणि बारीक जाळी हवी, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात चिमण्या नाहीतर कबुतरं घर करतात. बटण बाथरूमच्या बाहेर ठेवा. आंघोळ झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं फॅन चालू राहू द्या, कारण भिंतीवरची ओल नंतरच सुटते.

दोन-तीन महिन्यांतून एकदा मेन स्विच बंद करून पाती आणि झडपा ओल्या फडक्यानं पुसा. साबणाची वाफ आणि आमच्या इथली धूळ मिळून पात्यांवर चिकट थर बसतो, पाती जड होतात, मोटर घरघरते आणि तापते. झडपा चिकटल्या की फॅन फिरताना ऐकू येतो पण हवा हलत नाही. हे तपासायला वर्तमानपत्राचा तळहाताएवढा तुकडा पुरे. दार लावून तो जाळीशी धरा. चिकटून राहिला तर ठीक. पडला तर दार उघडून पुन्हा धरा. आता चिकटत असेल तर फॅनला दोष देऊ नका, तो बदलून मोठा आणूही नका. सुताराला बोलावून दार खालून अंगठ्याएवढं कापून घ्या, किंवा फायबरचं दार असेल तर खालच्या बाजूला जाळीचा चौकोन बसवून घ्या. पाणी बाहेर येईल ही भीती असेल तर उतार मोरीकडे आहे ना, एवढं मिस्त्रीला आधी बघायला सांगा.